गाडीखाली सांगितलेली मजुरी

माझ्या बाळांनो,

गेल्या रविवारी फोनवर थोरल्याने विचारलं, "आजी, मला माझी गाडी उंच करून घ्यायची आहे. शोरूमवाले सामानापेक्षा मजुरीच जास्त सांगतायत. तिकडे पण असं असतं का?" मागून धाकटीचा आवाज आला, "आजीला काय विचारतोस? तिला गाड्यांतलं काय कळतं?" मी म्हटलं, लिहून कळवते. म्हणून हे लिहायला बसले आहे. दुसरं कारण असं, की मागच्या महिन्यात काकू गेल्या. काकू कोण ते पुढे येईलच. त्यांना पोचवून घरी आले तेव्हा लक्षात आलं, की ज्या माणसाबद्दल मी तुम्हाला सांगणार आहे त्यांना रस्त्यात गाडीखाली झोपलेलं ज्यांनी पाहिलं, त्यांतली आता मी एकटीच उरले आहे. तुम्हाला मराठी वाचायला जड जातं, म्हणून तुमची आई हे वाचून दाखवील. अडेल तिथे तिला थांबवा, पण मधलं काही गाळू देऊ नका.

मी सगळं क्रमाने करणारी बाई आहे हे तुम्ही जाणताच. माझ्या फडताळातल्या डब्यांनाही क्रम आहे. पण अप्पांच्या आठवणी क्रमाने येत नाहीत. आधी त्यांचे पाय येतात. गाडीखालून बाहेर आलेले, धोतरातले, टाचांना भेगा पडलेले पाय.

लातूर तेव्हा नुकतंच उस्मानाबादपासून वेगळं होऊन जिल्हा झालं होतं. कचेऱ्या भाड्याच्या घरांत होत्या. कुठे पाटी आली होती तर खुर्च्या नव्हत्या, कुठे खुर्च्या होत्या तर साहेब आले नव्हते. पण प्रत्येक कचेरीला जीप हवी होती. निलंग्याकडच्या एका अडत व्यापाऱ्याच्या घरातल्या माणसाने हे सगळ्यांच्या आधी ओळखलं आणि औशाच्या रस्त्याला जीपची एजन्सी टाकली. पुढे काच, मागे पत्रे. या माणसाला सारं गाव अप्पा म्हणे.

कंपनीशी पत्रव्यवहार इंग्रजीत करावा लागे. माझं माहेर नांदेडचं, शिक्षण हैदराबादला इंग्रजी शाळेत, आणि तुमचे आजोबा पाणीपुरवठा खात्यात ज्युनिअर इंजिनिअर म्हणून लातूरला आलेले. अप्पांनी मला पत्रं लिहायला ठेवलं. पहिल्या दिवशी मी खळ लावलेलं पातळ नेसून गेले आणि पगाराचं विचारलं. अप्पा उठले आणि वर्कशॉपमध्ये उभ्या असलेल्या एका जीपकडे बोट दाखवून म्हणाले, "बाई, पगार बी मजुरीच हाय. आमच्यात मजुरी खुर्चीत बसून सांगत नसतात. खाली या."

मी हबकून उभी राहिले. तेव्हा ते म्हणाले, "बायकांना सूट हाय. वाकून बघा."

मी वाकून पाहिलं. मला काळोख, चिखलाचे पोपडे आणि लोखंड दिसलं. अप्पा शेजारी उकिडवे बसले होते. त्यांनी पगाराचा आकडा सांगितला. तो मी समजले होते त्यापेक्षा जास्त होता, म्हणून मी आणखी काही न विचारता उभी राहिले.

हा त्यांचा नियम होता आणि तो सगळ्यांना लागू होता. सामानाची किंमत कंपनी छापते, ती कोणीही वाचावी. मजुरी मात्र गाडीखाली झोपल्याशिवाय कळणार नाही. अप्पा म्हणत, "मजुरी कोन छापनार? ती दिसाया पायजे. वरनं बघून निसती गादी दिसती." गोणपाटाचे दोन तुकडे घडी घालून भिंतीला टांगलेले असत. एक त्यांचा, एक गिऱ्हाइकाचा. खाली शिरण्याआधी ते गळ्यातली लिंगाची चांदीची डबी सदऱ्याच्या खिशात घालून वर बटण लावत, म्हणजे देवावर तेल ठिबकायला नको. मग दोघे शेजारी शेजारी उताणे. अप्पा लिंबाच्या काडीने एकेक जागा दाखवत. हे खोलायचं, हे लोहाराकडं न्यायचं, हे परत बसवायचं. बोल्ट दाखवताना कानडीत मोजत. सगळं दाखवून झालं की आकडा सांगत, एकदाच. घासाघीस करायला मनाई नव्हती, पण ती झोपूनच करावी लागे.

एकदा एक वजनदार डॉक्टर खाली गेले. आम्हाला बाहेर फक्त चार पाय दिसत होते.

"अप्पा, हे फार होतंय."

"हाव. अजून बघा मग. घाई न्हाई."

"अहो, मला दवाखान्यात जायचंय."

"जा की. पेशंटाला तुमी उभ्यानं तपासता का झोपवून?"

मग डॉक्टरांच्या चष्म्यावर तेलाचा थेंब पडला असावा. "बरं बरं, करा," असा आवाज आला, आणि बाहेर आल्यावर ते शेरवानी झटकत स्वतःच हसत सुटले.

तहसीलदार झोपले, साखर कारखान्याचे संचालक झोपले. मुलीला हुंड्यात जीप देऊ पाहणारा एक बाप झोपला, आणि बाहेर येऊन हुंड्यात मोटारसायकल देण्याचं ठरवून गेला. लोक हसत, पण पुन्हा येत.

काकू म्हणजे अप्पांची बायको. एजन्सीच्या मागेच घर होतं. अप्पांनी हात लावलेली कोणतीही गाडी आधी काकू बसल्याशिवाय बाहेर जात नसे. गाडी तयार झाली की अप्पा घराकडे तोंड करून नुसतं "चला" म्हणत. काकू हातातलं काम टाकून पदर खोचून येत, शेजारच्या सीटवर बसत, आणि अप्पा त्यांना घेऊन औशाच्या रस्त्याच्या वळणावर जाऊन येत. वळण जोरात घेत. काकू परत येऊन उतरल्या की म्हणत, "मी ह्यांची बायको न्हाई, बाई. वाळूचं पोतं हाय."

मी एकदा अप्पांना म्हटलं, वाळूचं खरंच एक पोतं ठेवा ना. ते म्हणाले, "पोतं पडलं तर मला काय वाटनार?"

मग दुष्काळ आला. एका वर्षी पाऊस ओढ देऊन गेला, पुढच्या वर्षी आला म्हणायचं इतकाच आला. अप्पांनी सगळ्यात आधी गाड्या धुणं बंद केलं. धुण्याच्या नळीची गुंडाळी करून ती नव्या सामानाच्या कपाटात कुलपात ठेवली. नव्या जीपसुद्धा धुळीने माखलेल्या गिऱ्हाइकाच्या हातात जात. एकजण नारळ, हार, भटजी घेऊन आला होता. तो म्हणाला, "पूजेपुरती तरी धुवा हो." अप्पांनी खांद्यावरचं उपरणं काढून बॉनेट पुसलं आणि म्हणाले, "देवाला धूळ चालती. फोडा नारळ."

त्याच काळात गाड्या उंच करून मागणारे वाढले. रोजगार हमीवर फोडलेली खडी रस्त्यांवर पसरलेली असे, वर मुरूम नाही, रोलर नाही. वाड्यातांड्यांवर पाणी न्यायचं तर कोरड्या ओढ्यांतून, धोंड्यांवरून जावं लागे. जीपचं पोट घासे. अप्पा या कामाला टाचा लावणं म्हणत. "टाचा लावून देतो. पन उंच टाचांची बाई कशी चालती ते बघितलंय का कधी? जपून चालती. गाडीला ते कळत न्हाई, म्हनून आपल्याला कळाया पायजे."

त्यांची पद्धत लांबलचक होती. चाकांवरचे स्प्रिंगचे पोलादी पाटे उतरवायचे, लोहाराच्या भट्टीत पुन्हा कमान द्यायची, एक पाटा वाढवायचा, बोल्ट लांब घालायचे आणि शेवटी ब्रेकची रबरी नळी बदलून लांब टाकायची. नळीची किंमत किरकोळ. पण ती बदलायची म्हणजे ब्रेकचं सगळं तेल काढून पुन्हा भरायचं. त्यात वेळ जाई आणि मजुरी चढे.

आता साहेबांबद्दल. ते तुमच्या आजोबांचे वरिष्ठ, पुण्याकडून बदलून आलेले. वाईट माणूस मुळीच नव्हे. राहायला घर मिळेना म्हणून पहिला महिना कचेरीत टेबलावर झोपले. रोज सकाळी कचेरीच्या पायऱ्यांवर बायका रिकामे हंडे घेऊन येऊन बसत, आणि साहेब त्यांच्या मधून वाट काढत आत जात. ओढ्यापलीकडच्या गावांना ट्रकचे टँकर पोचेनात. म्हणून दोन जीप उंच करून त्यांच्या मागच्या बाजूला पाण्याची टाकी बसवायची असं त्यांनी ठरवलं. त्यांतली एक जीप घेऊन तुमच्या आजोबांनी जायचं होतं.

साहेब आजोबांना घेऊन शोरूममध्ये आले. मी टाइपरायटरपाशी होते.

"दोन गाड्या आहेत. मजुरीचं कोटेशन द्या. आज पाहिजे."

अप्पांनी भिंतीवरचं गोणपाट काढलं. "या साहेब, खाली."

साहेबांना वाटलं, चेष्टा आहे. नंतर कळलं, चेष्टा नाही. तेव्हा त्यांचा चेहरा ताठ झाला. "मी इथे झोपायला आलेलो नाही. माझ्या कचेरीत बायका बसल्यात."

"म्हनूनच म्हनतो, लवकर झोपा."

तुमचे आजोबा पुढे झाले. "अप्पा, मी येतो खाली. मला दाखवा, मी साहेबांना समजावतो."

अप्पांनी विचारलं, "कागदावर सही कोनाची?"

"साहेबांची."

"मग पाठ बी त्यांचीच."

मी टाइप करायचं थांबले. साहेबांनी खिशातला पेन काढला, पुन्हा ठेवला. मग बाहेर गेले, मागोमाग आजोबाही. काचेतून आजोबांनी माझ्याकडे पाहिलं. त्या नजरेचा अर्थ मला कळला. पण मी नोकर अप्पांची होते.

तीन दिवसांनी जेवताना आजोबांनी सांगितलं, की दोन्ही गाड्या नांदेडला पाठवल्या. तिथल्या एका गॅरेजवाल्याने फोनवरच मजुरी सांगितली, अप्पांच्या निम्म्याहून कमी. गाड्या उद्या येतील, परवा निघायचं.

"नीट केल्यात का?" मी विचारलं.

"उंच तरी झाल्यात म्हणे."

"तुम्ही खाली पाहिलंत?"

"मी कुठे पाहू? मी इथे, गाड्या तिथे." मग ताटातली भाकरी मोडत म्हणाले, "तुझ्या अप्पांनी खुर्चीत बसून दोन शब्द सांगितले असते तर काय झालं असतं?"

दुसऱ्या दिवशी मी कामाला गेले आणि पर्स टेबलावर ठेवण्याआधीच अप्पांसमोर उभी राहिले. "अप्पा, तुमच्या नियमापायी गाड्या नांदेडला गेल्या. त्यात माझा नवरा बसणार आहे."

ते हातातलं सामान पुसत होते. म्हणाले, "नळी बदलली का?"

"मला काय माहीत?"

"पाट्याला कमान दिली का ठोकळे घातले?"

"अप्पा, मी तुम्हाला विचारतेय."

"आन मी तुमाला." एवढं बोलून ते मागे गेले. त्या दिवशी त्यांनी कोणत्याच गिऱ्हाइकाला मजुरी सांगितली नाही. काकूंनी दोनदा जेवायला बोलावलं तरी गेले नाहीत. संध्याकाळी मी निघताना ते शोरूमच्या पायरीवर रस्त्याकडे पाहत बसले होते.

दुसऱ्या दिवशी तुमचे आजोबा लवकर घरातून निघाले. मी त्यांच्या डब्यात भाकरी आणि शेंगांची चटणी बांधून दिली. ते गेले आणि मी कुकर लावते आहे, तोच काकू दारात. धापा टाकत होत्या.

"बाई, चला. आमचे हे रस्त्यात झोपलेत."

"बरं नाही का त्यांना?"

"बरं हाय. तुमच्या मालकांच्या गाडीखाली झोपलेत. निघंनात."

मी गॅस बंद केला आणि तशीच निघाले.

एजन्सीपासून हाकेच्या अंतरावर जीप उभी होती. मागे पत्र्याची टाकी, काठोकाठ भरलेली, झाकणातून पाणी पाझरत होतं. जवळच्या वस्तीतल्या बायका त्या थेंबांखाली तांबे धरून उभ्या होत्या. ड्रायव्हर खाली उतरून विडी पीत होता. आजोबा गाडीशेजारी उभे होते, आणि गाडीखालून धोतरातले दोन पाय बाहेर आले होते. अप्पांनी हात आडवा करून गाडी थांबवली होती आणि कोणी काही बोलायच्या आत खाली शिरले होते. गोणपाटसुद्धा नव्हतं.

तेवढ्यात साहेब कारकुनाच्या स्कूटरवर मागे बसून आले.

"अप्पा, बाहेर या. गावं वाट बघतायत."

खालून आवाज आला, "मी बी वाट बघून राहिलो साहेब. तुमची."

"मी पोलिसांना बोलावीन."

"बोलवा. त्यांना बी जागा हाय."

बायकांतली एक हसली. दुसरीने तिला कोपर मारलं. साहेबांच्या मानेवर घाम आला होता. आजोबा एकदा साहेबांकडे, एकदा माझ्याकडे पाहत होते.

मी वाकून पाहिलं. काळोख, लोखंड, अप्पांचा धुळीने भरलेला चेहरा. ते हळू म्हणाले, "बाई, वाकून दिसनार न्हाई."

मी पदर खोचला आणि रस्त्यावर झोपले. आजोबा म्हणाले, "अगं, काय करतेस?" पाठीखाली खडी टोचत होती. वर पाट्याच्या आणि चाकाच्या दांड्याच्या मध्ये लाकडाचे ठोकळे घातलेले होते, चौकटीच्या लाकडासारखे, एकाला चीर गेलेली. अप्पांनी काडी वळवून ब्रेकच्या काळ्या रबरी नळीला लावली.

"आत्ता सैल दिसती. टाकीच्या वजनानं गाडी दबलीय म्हनून. आता बघा." त्यांनी ड्रायव्हरला हाक मारून जॅक लावायला सांगितला. चाकांना धोंडे लावले होते. ड्रायव्हर जॅक फिरवू लागला तसं गाडीचं अंग वर उचललं आणि चाक खाली लोंबू लागलं. खड्ड्यात जातं तसं. ती नळी ताणत गेली, तुणतुण्याच्या तारेसारखी झाली, आणि तिच्या तोंडाशी तेलाचा एक थेंब फुगला.

मी तिथूनच म्हणाले, "अहो, तुम्ही या गाडीत बसायचं नाही." चारचौघांत तुमच्या आजोबांना मी असं कधी बोलले नव्हते.

वर जॅक फिरायचा थांबला. मग आजोबांचा आवाज आला. "साहेब, मी ही गाडी नेत नाही. आधी तुम्ही बघा."

"तुम्हाला ऑर्डर आहे."

"आहे साहेब."

आजोबांची नोकरी कच्ची होती. आमच्या घरी दुसरा पगार अप्पांचाच. हे सगळं त्या दोन शब्दांत होतं. मी बाहेर येऊन उठले. पाठीला धूळ तशीच होती. साहेबांनी आजोबांकडे, मग माझ्याकडे पाहिलं. त्यांनी चष्मा काढून कारकुनाकडे दिला, आणि इस्त्रीच्या पँटसकट मी उठले त्याच जागेवर झोपले.

चार पाय दिसू लागले. दोन धोतरातले, दोन बुटातले. काडी लोखंडावर आपटल्याचा आवाज येत होता. अप्पा सवयीने बोलू लागले, "तर मजुरी अशी हाय साहेब, की..."

साहेब मध्येच म्हणाले, "मजुरी राहू द्या. दुसरी गाडी पहाटेच निघून गेली. निलंग्याकडे."

धोतरातले पाय आधी बाहेर आले.

अप्पा धावत एजन्सीकडे गेले आणि लोकांना दाखवायची जीप काढून आणली. साहेब पुढे बसले, आजोबा मागे. काकूंनी मला आत ढकललं आणि स्वतः चढल्या. अप्पांनी मागे पाहिलं. काकू म्हणाल्या, "बघता काय? वजन पायजे ना मागं?"

त्या रस्त्याबद्दल मला फार सांगता येत नाही. धूळ आठवते, आणि साहेब दर वळणावर पुढे झुकून काचेतून पाहत होते ते आठवतं. खडी फोडणाऱ्या माणसांना अप्पांनी गाडी न थांबवताच विचारलं, "पान्याची जीप गेली का?" एकाने हातोडीनेच पुढे दाखवलं. "हाव, मघाच." काकूंनी माझं मनगट धरलं होतं. त्यांच्या बांगडीचा वळ नंतर बराच वेळ हातावर राहिला.

ओढ्याचा उतार लागला तिथे अप्पांनी ब्रेक दाबला.

खाली कोरड्या पात्रात जीप कुशीवर पडली होती. टाकी सुटून लांब गेली होती. पाणी केव्हाच वाळूत जिरलं होतं, फक्त एक मोठा काळा ओला डाग उरला होता. त्या डागाभोवती तांड्यावरच्या बायका बसून हातांनी वाळू उकरत होत्या आणि तळाला जमलेलं गढूळ पाणी वाटीने हंड्यात भरत होत्या. गाडीचा ड्रायव्हर, ज्याला सगळे मामू म्हणत, धोंड्याला टेकून बसला होता. त्याचा एक पाय नको तसा वळला होता.

अप्पांना पाहून तो म्हणाला, "अप्पा, ब्रेक दबाया तो पाँव सीधा नीचे गया. कुछ लगाच नहीं. नीचे बायका खडे थे ना, घागरी लेके, गाडी देखके पुढं आ रहे थे. मैं घुमा दिया."

"बायकांना लागलं का?" साहेबांनी विचारलं.

"नहीं साब. मेरे कू लगा."

गाडी कुशीवर असल्याने तिचं पोट सगळ्यांना दिसत होतं. फुटलेला ठोकळा, मोडलेला पाटा, तुटून लोंबणारी नळी, वाळूवर तेलाचा ओघळ. मजुरी बघायला तिथे कोणाला झोपावं लागलं नाही. अप्पांनी काडी उचलली नाही. ते नुसते उभे होते. एक म्हातारी त्यांच्याजवळ आली. त्यांचं धोतर पाहून तिला तेच मोठे साहेब वाटले असावेत.

"पानी कवा येनार आता?"

अप्पांनी साहेबांकडे पाहिलं. उत्तर साहेबांनी दिलं. संध्याकाळपर्यंत बैलगाड्यांतून पिंपं पाठवतो म्हणाले, आणि पाठवली. पण संध्याकाळपर्यंत ती माणसं त्या ओल्या वाळूवरच होती.

मामूला आमच्या जीपमध्ये मागे आडवा ठेवला. त्याचं डोकं काकूंच्या मांडीवर होतं. निघण्याआधी अप्पा साहेबांसमोर जाऊन उभे राहिले.

"त्या दिवशी खुर्चीत बसून सांगाया पायजे होतं मी. नळी बदलाया लागती, एवढं तरी. तुमी झोपत न्हाई म्हनून मी सांगितलं न्हाई."

साहेबांनी त्या बायकांकडे पाहिलं. मग म्हणाले, "आता सांगा."

आणि अप्पांनी मजुरी सांगितली. उभ्याने, उन्हात. एक पैसाही कमी सांगितला नाही. साहेबांनी मान हलवली.

दोन्ही गाड्या अप्पांकडे आल्या. पाटे उतरले, भट्टी पेटली, लांब नळ्या पडल्या. काकू दोन्ही गाड्यांत बसून वळणावर जाऊन आल्या. त्यानंतर तुमचे आजोबा त्याच जीपमधून तांड्यांवर पाणी नेत राहिले, पुढच्या पावसाळ्यापर्यंत. नोकरीवर आच आली नाही. साहेबांनी कोणाला काही लिहिलं नाही.

मामूचा पाय बसला, पण वाकडा बसला. गाडी चालवणं सुटलं. अप्पांनी त्याला एजन्सीच्या फाटकावर ठेवलं. काम काय, तर बाहेर जाणारी प्रत्येक गाडी थांबवून खाली पाहायचं. दुपारी दोघे एका डब्यात जेवत, अप्पांपुरती भाजी वेगळी.

आठवड्याने अप्पांनी मला बोलावून पत्र्याची एक पाटी पुढे ठेवली. "बाई, मजुरीचे दर लिहा. मराठीत. मोठ्या अक्षरात." मी रंगाने लिहिले. गाडी उंच करण्याच्या कामासमोर नळी बदलण्याचं काम वेगळं लिहायला त्यांनी लावलं आणि ते लाल रंगात करायला सांगितलं. पाटी काचेत अशी लावली, की आत न येतासुद्धा वाचता येईल. शेवटी म्हणाले, "खाली एक ओळ टाका. ज्याला बघायचं असंल त्यानं खाली यावं."

फार थोडे आले. लोक काचेतूनच दर वाचत आणि आत येऊन खुर्चीत बसत. अप्पा उत्तरं देत. गोणपाटाचे दोन्ही तुकडे भिंतीवर तसेच राहिले, पण एकच खाली येई. डॉक्टर एकदा मुद्दाम आले. "अप्पा, आज झोपवणार नाही का?" अप्पा म्हणाले, "तुमी डॉक्टर. तुमाला काय दाखवायचं?" डॉक्टर हसले. अप्पा हसले नाहीत.

काकूंना मात्र ते शेवटपर्यंत गाडीत बसवत राहिले.

थोरल्या, तुझ्या प्रश्नाचं उत्तर असं. तुझा शोरूमवाला जास्त सांगतोय की वाजवी, ते मला इथून सांगता येणार नाही. त्याला विचार, ब्रेकची नळी बदलणार का. आणि तो काहीही म्हणाला तरी एकदा खाली झोपून बघ. तुझ्या आजोबांच्या वेळी मला ते रस्त्यावर करावं लागलं. तुझ्याकडे चांगली फरशी असेल.

अप्पा जाऊन पुष्कळ वर्षं झाली. मामूही गेला. एजन्सी दुसऱ्या कोणाच्या तरी हाती गेली आणि मग बंद पडली. तिथे आता कपड्यांचं दुकान आहे, वर्कशॉपच्या जमिनीवर टाइल्स घातल्या आहेत. पाटी कुठे गेली कोणाला माहीत नाही. मामूच्या जीपचा तुटलेला पाटा अप्पांनी लोहाराकडून तापवून घेतला होता आणि त्याच्या दोन विळ्या करून घेतल्या होत्या. एक मामूच्या बायकोला दिली, एक मला. मामूकडची कुठे आहे ते ठाऊक नाही. माझी स्वयंपाकघरात आहे. काल तिच्यावर मी दोडके चिरले.